सोलमार्गे सासुरवाडी

परदेशवारी करून आलेला माणूस ओळखायला पासपोर्ट तपासावा लागत नाही. अमेरिकेहून आलेला मोकळ्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या शिव्या खातो. दुबईहून आलेला खजूर वाटतो. जपानहून आलेला लोकलच्या वेळेवरून हळहळतो. या सगळ्यांत उपद्रवी म्हणजे कोरियाहून आलेला, कारण तो वाकतो. मीही वाकत होतो. दूधवाल्यापुढे वाकलो, लिफ्टमधून उतरणाऱ्या जोशीकाकूंपुढे वाकलो, सोसायटीच्या वॉचमनपुढे कमरेतून वाकलो. वॉचमन बिचारा लगेच टॉर्च घेऊन फरशीवर शोधू लागला. “काय पडलं साहेब?”

कोरियाला जायची कल्पना माझी नव्हती. आमच्या लेकीनं कोरियन मालिकांचं व्रत घेतलं आहे आणि त्या व्रताचा प्रसाद घरात सगळ्यांना घ्यावा लागतो. मालिकेत कोणी दुःखी झालं की नूडल्स खातं, आनंदी झालं की नूडल्स खातं, आणि पाऊस पडला की एका छत्रीत दोघं येऊन मग नूडल्स खातात. हे पाहून पाहून मलाही वाटू लागलं, की हा देश एकदा बघावा. शिवाय पुण्यात राहणाऱ्याला कोरिया तसा परका नाही. तळेगाव, चाकण, रांजणगावच्या कोरियन कारखान्यांमुळे शहरात कोरियन पाट्यांची हॉटेलं उघडली आहेत. आम्ही एका सहल कंपनीत नावं घातली. दोघांचीच, लेकीची परीक्षा होती. तिनं दातओठ खात आम्हाला निरोप दिला.

सहलीत जितकी माणसं होती, तितक्याच चिवड्याच्या पिशव्या होत्या. एका काकूंनी गळ्यात कार्ड अडकवलं होतं. त्यावर कोरियन भाषेत लिहून घेतलं होतं: ‘कांदा-लसूण चालेल, जीव चालणार नाही.’ सोलमधल्या पहिल्याच हॉटेलात वेटरनं ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, मान डोलावली आणि किमची आणून ठेवली. किमची म्हणजे मिठात मुरवून, लाल तिखट चोपडून आंबवलेला कोबी किंवा मुळा. तिच्याशिवाय कोरियन माणूस जेवणाला जेवण म्हणत नाही. काकूंनी दोन वाट्या संपवल्या. मग गाईडनं माहिती पुरवली, की किमची घालताना त्यात बहुधा खारवलेली कोळंबी टाकतात. काकू क्षणभर थबकल्या.

“डोळ्यांना दिसत होती का?”

“नाही, ती विरघळून जाते.”

“मग झालं तर,” म्हणून काकूंनी तिसरी वाटी मागितली.

माझी झुंज चॉपस्टिकशी होती. चिनी आणि जपानी काड्या बहुधा लाकडी असतात, घासाला थोडी पकड मिळते. कोरियन काड्या धातूच्या, चपट्या आणि गुळगुळीत. गोडसर सोया सॉसमध्ये शिजवलेल्या काळ्या सोयाबीनच्या एका दाण्याचा मी टेबलभर पाठलाग केला. शेवटी त्यानं समोरच्या काकांच्या सातूच्या चहात उडी घेतली. तेवढ्यात वाढणारी बाई मोठी थोरली कात्री घेऊन आली. काकांनी पटकन मिशीवर हात ठेवला. बाईंनी शांतपणे त्यांच्या वाडग्यातल्या नूडल्स कचाकच कापल्या, मान लववली आणि गेल्या. तिकडे कात्री ही जेवणाच्या टेबलावरची वस्तू आहे. काकांनी त्यानंतर सबंध सहलभर जेवताना एक हात मिशीवरच ठेवला.

मी सगळं वहीत टिपून घेत होतो. प्रवासवर्णन लिहायचं असेल तर वही हवी, असं मी कुठंतरी वाचलं होतं. गाईडनं पहिल्या भेटीतच प्रत्येकाला वय विचारलं. ‘वयावरून बोलण्यातला आदर ठरतो, वर्षाच्या फरकानंही बोलायची पद्धत बदलते. थोर संस्कृती!’ मी वहीत लिहिलं. कोरियात पूर्वी मूल जन्मताच एक वर्षाचं धरत आणि १ जानेवारीला अख्ख्या देशाचं वय एका वर्षानं वाढे. जून २०२३ पासून सरकारी कामात ही मोजणी बंद झाली आणि सगळा देश एका रात्रीत वर्ष-दोन वर्षांनी लहान झाला. साठीला टेकलेल्या आमच्या मिशीवाल्या काकांनी ‘हा कायदा आपल्याकडे का येत नाही’ यावर बसमध्ये मोठं भाषण केलं.

गाईड पुढं सांगत राहिला. वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय इतरांनी जेवायचं नाही. वस्तू द्यायची-घ्यायची ती दोन्ही हातांनी. आपला पेला आपण भरायचा नाही, तो दुसऱ्यानं भरायचा. घरात चप्पल नाही, बैठक जमिनीवर. भेटल्यावर ‘जेवलात का?’ असं विचारायची जुनी रीत. मी लिहीत होतो, उद्गारचिन्हं देत होतो आणि प्रत्येक उद्गारचिन्हाला शेजारून तेच वाक्य येत होतं.

“आमच्या एरचला असंच असतं.”

इथं खुलासा करायला हवा. माझी बायको झाशीच्या मराठी घरातली. छत्रसालानं बाजीरावाला बुंदेलखंडातल्या आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिला, तेव्हापासून तिकडे मराठी घरं नांदत आहेत. एरच हे झाशी जिल्ह्यातलं बेतवाकाठचं गाव, झाशीहून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. तिथं माझ्या सासऱ्यांचे जिवलग स्नेही, कक्काजू, राहतात. हिच्या बालपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या अंगणात गेल्या. लग्न झाल्यापासून ‘एकदा एरचला जाऊ या’ हे वाक्य आमच्या घरात दर उन्हाळ्यात येतं आणि माझ्या कामाच्या सबबीला आपटून परत जातं.

सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात तर हिनं कहर केला. हा राजवाडा १३९५ सालचा. पारंपरिक हानबोक घालून गेलं तर आत जायला तिकीट पडत नाही. फुकट हा शब्द ऐकून आमची अख्खी सहल भाड्याच्या पोशाखांच्या दुकानात घुसली. तिकिटापेक्षा भाडं कितीतरी जास्त होतं, पण ते बाहेर आल्यावर लक्षात आलं. माझ्या घेराचा राजपोशाख दुकानात नव्हता, म्हणून मला दरबारी कारकुनाचा दिला. हिला राणीचा अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. मग दुपारभर राणी पुढे आणि कारकून पर्स घेऊन मागे. फोटोत नातं अचूक आलं आहे.

आणि मग बुसानजवळच्या गिमहेला घात झाला. गाईडनं एक थडगं दाखवून गोष्ट सांगितली. ‘सामगुक युसा’ नावाच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे, की इसवी सन ४८ मध्ये अयुता नावाच्या दूरच्या राज्यातून सोळा वर्षांची राजकन्या जहाजातून इथं आली आणि राजा सुरोची राणी झाली. तिचं नाव हो ह्वांग-ओक. हे अयुता म्हणजे भारतातली अयोध्या असं पुष्कळ कोरियन लोक मानतात आणि लाखो लोक स्वतःला या जोडप्याचे वंशज म्हणवतात. अयोध्येत २००१ साली तिचं स्मारक उभं राहिलं आणि २०१८ च्या दिवाळीत कोरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी खास अयोध्येला येऊन गेल्या.

इतिहासकारांना या गोष्टीबद्दल शंका आहेत. हिला एकही नव्हती.

“अयोध्या म्हणजे उत्तर प्रदेश. एरच म्हणजे उत्तर प्रदेश. थोडक्यात कोरियाचा राजा आमच्याकडचा जावई,” ही म्हणाली.

“तसं म्हणता येईल.”

“दोन हजार वर्षं झाली तरी ते लोक समुद्र ओलांडून सासुरवाडीला येतात. तुम्हाला तर पुण्याहून झाशीला थेट गाडी आहे.”

सबंध सहल माझ्याकडे पाहू लागली. मिशीवाल्या काकांनी मिशीवरचा हात काढून माझ्या पाठीवर ठेवला. एरचचा बेत गिमहेला ठरला.

चैत्रात आम्ही निघालो. झाशी स्टेशनला २०२१ साली वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव दिलं, आणि गाडीतून उतरणाऱ्या जावयाला त्या नावाचा थोडा धाक वाटतो हे मी अनुभवानं सांगतो. झाशीत मेहुण्यांनी गणेश मंदिर दाखवलं. याच मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि मणिकर्णिकेचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी जीपनं कानपूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत चिरगाव लागलं, कवी मैथिलीशरण गुप्तांचं गाव. मोठ नावाचं गाव मागं पडलं. मग हमरस्ता सोडून बेतवेच्या दिशेनं वळलो आणि माझ्या डोक्याची जीपच्या छताशी पहिली ओळख झाली.

वाटेत मी तयारी करत होतो. वडीलधारे भेटणार, म्हणजे नीट वाकायला हवं. पंचेचाळीस अंश, हात मांड्यांवर, नजर जमिनीकडे. कक्काजू अंगणात उभे होते. ऐंशी ओलांडलेले, खांद्यावर साफी, म्हणजे पंचा, डोळ्यांत पाणी. मी जीपमधून उतरलो आणि शास्त्रशुद्ध वाकलो. नेमके त्याच क्षणी कक्काजूही वाकले. बुंदेलखंडात लेक आणि जावई हे मानाचे. त्यांच्या पाया थोरांनी पडायचं, ही तिथली रीत. नजर जमिनीकडे असल्यामुळे मला ते दिसले नाहीत. ‘टक्’ असा आवाज झाला. माझा चष्मा तुळशीवृंदावनापाशी गेला, त्यांची साफी माझ्या मानेवर आली.

“लगी तौ नईं पाहुने?” डोकं चोळत त्यांनी विचारलं आणि पुन्हा पायांकडे झेपावले.

मी मागं सरकलो. मग कक्की पुढं आल्या. मग त्यांचे भाऊ. मग शेजारचे एक आजोबा, ज्यांचा या कुटुंबाशी संबंध एवढाच होता, की ते त्या वेळी तिथं होते. ऐंशीच्या घरातली माणसं एकेक करून माझ्या पायांवर चाल करून येत होती आणि मी वाकत, माघार घेत घेत गुरांच्या हौदापर्यंत पोहोचलो. पुढं म्हैस होती. तिनं रीत पाळली नाही.

बैठक जमिनीवर होती. कोरियात ओंडोल नावाची व्यवस्था आहे. जमिनीखालून ऊब खेळवतात आणि माणसं उबदार फरशीवर बसतात. मी त्यावर वहीत दोन पानं लिहिली होती. एरचला चैत्रात हे काम सूर्य करतो. मी बसलो, लगेच उठलो आणि मग सतरंजीवर बसलो.

“भोजन भए?” पहिला प्रश्न.

“कित्ते बरस के हो गए?” दुसरा.

मग पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, पुण्यात नळाला पाणी किती वेळ येतं, केस कधीपासून गेले आणि लेकीचं कुठं बघताय का नाही. मी हळूच हिच्या कानाशी कुजबुजलो, “काय भोचक आहेत गं सगळे!”

“वहीत लिहा,” ही म्हणाली. “थोर संस्कृती. उद्गारचिन्ह द्या.”

जेवणाची पंगत अंगणात बसली. पत्रावळीवर कढी, भात, उडदाचे बरे, म्हणजे वडे, पुऱ्या, चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, पापड आणि अथाना, म्हणजे लोणचं, चार प्रकारचं. बाजूला द्रोणांची रांग. पत्रावळ भरली आणि मी कोरियन शिस्तीनं हात मांडीवर ठेवून बसलो. वडीलधाऱ्यानं घास घेतल्याशिवाय आपण सुरुवात करायची नाही. पंगतीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी कक्काजूंकडे बघत होतो. कक्काजू माझ्याकडे बघत होते. पुऱ्या एकेक करून खाली बसू लागल्या. कढीवर साय धरली. एका पोरानं पत्रावळीकडे हात नेला, त्याला आईनं चापट दिली. कोणीतरी खोकलं. शेजारच्या आजोबांनी डोळे मिटले. मला वाटलं प्रार्थना चालू आहे, पण ते भुकेनं पेंगले होते. कोंडी फोडली ती मांजरानं. त्यानं एक बरा उचलला आणि भिंतीवर नेला.

“अहो, खा ना!” ही दातांतल्या दातांत म्हणाली. “इथं आधी जावई जेवतो. सगळं गाव तुमच्यासाठी उपाशी बसलंय.”

मी घाईघाईनं घास घेतला आणि पंगत सुटली.

कोरियात मुख्य जेवणाभोवती छोट्या छोट्या वाट्यांतून तोंडीलावणी येतात, त्यांना बांछान म्हणतात. वाटी संपली की पुन्हा मागता येते, पैसे पडत नाहीत. मला या उदारपणाचं फार कौतुक वाटलं होतं. एरचला मागावं लागत नाही. नाही म्हणायचीही सोय नाही. पत्रावळीचा कोपरा दिसला की त्यावर पुरी येते. मी हातांनी पत्रावळ झाकली, तर पुरी हातांवर आली. हात काढले, तर हातांखालच्या जागेवर दोन आल्या. मी पोटाकडे बोट दाखवलं. कक्कींना वाटलं पोटात दुखतं, म्हणून त्यांनी औषध म्हणून वर तूप ओतलं. तूप वाढायची पळी नव्हती, लोटा होता.

“बस, बस, कक्की!”

“काए पाहुने, बिटिया घरै खाबे खों नईं देत का?”

हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढच्या दोन पुऱ्या स्वतः मागून घेतल्या.

मग द्रोणातून सन्नाटा आला. बुंदेलखंडातल्या पंगतीत ताकाचा किंवा पातळ दह्याचा हा झणझणीत प्रकार असतो. आंबट ताक, मोहरी, हिंग, मीठ आणि मिरची, तीही हात न आखडता. मी कोरियात ‘अतितिखट’ नूडल्सचा वाडगा कसा रिचवला, याचं वर्णन नुकतंच पंगतीला ऐकवलं होतं. त्यामुळे द्रोण तोंडाला लावताना मी थोडं हसलोसुद्धा. नंतरचा काही काळ माझ्या आठवणीत सलग नाही. डोळ्यांतून, नाकातून आणि मला वाटतं कानांतूनही पाणी आलं. मी उठून उभा राहिलो, मग बसलो, मग कारण नसताना ‘जय हिंद’ म्हणालो. पोरं खूश झाली.

“कोरिया में ऐसो मिलत?” कक्काजूंनी आपुलकीनं विचारलं.

बोलता येत नसल्यामुळे मी मान हलवली. ती त्यांनी पसंतीची समजून दुसरा द्रोण भरला. पेला स्वतः भरायचा नाही आणि वडीलधाऱ्यानं दिलेला नाकारायचा नाही, हे मीच गेले कित्येक दिवस घरोघरी सांगत होतो.

शेवटी मोहाच्या वाळवलेल्या फुलांची डुबरी आली. गोड, दाट, मातीच्या आणि मनुक्याच्या मधल्या कुठल्याशा चवीची. मी सावधपणे विचारलं, “मोहाची म्हणजे चढणार तर नाही ना?” पंगत हसली. फुलं आंबवून भट्टी लावली तर दारू, नुसती शिजवली तर बायकापोरांचा खाऊ, असं कक्कींनी समजावलं. तरी मी उन्हं उतरेपर्यंत झोपलो. ही म्हणते, त्याला मोह जबाबदार नाही, मोहाआधीच्या अठरा पुऱ्या जबाबदार आहेत. हा आकडा तिचा आहे, मला मान्य नाही.

उठल्यावर कक्कींची लोणच्याची खोली पाहिली. भिंतीला लागून चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. कैऱ्या उतरल्या की आळीतल्या बायका एकत्र जमतात. एकीकडे फोडी, एकीकडे मसाला, एकीकडे गावातल्या भानगडी. कोरियात थंडीच्या तोंडावर बायाबापड्या अशाच जमून हिवाळाभराची किमची घालतात. त्याला किमजांग म्हणतात आणि २०१३ साली युनेस्कोनं त्या प्रथेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवलं. ही आठवण मी काढली नव्हती, पण हिनं काढलीच.

“कक्की,” ही म्हणाली, “तुमच्या खोलीला युनेस्कोकडून माणूस आला आहे. फोटो काढू द्या.”

संध्याकाळी गाव पाहायला निघालो. एरच लहानसं असलं तरी त्याचं वय मोजायला कोरियन पद्धतही कमी पडावी इतकं ते मोठं आहे. ‘पेतवत्थु’ या पाली ग्रंथात दशार्ण देशातल्या एरकच्छ नगराचा उल्लेख येतो, ते हेच असं मानतात. गावाभोवतीच्या टेकाडांतून जुन्या विटा निघतात. पण गावकऱ्यांना पालीचं फारसं अप्रूप नाही. त्यांच्या लेखी एरच ही हिरण्यकशिपूची राजधानी. आमचा वाटाड्या होता कक्काजूंचा पुतण्या. त्यानं डिकौली गावाजवळचा बेतवेकाठचा डोंगर दाखवला आणि हात पसरून म्हणाला, “इतईं सें फेंको तो प्रह्लाद खों।” त्याचा स्वर असा होता, की तो त्या दिवशी शेजारीच उभा असावा. होलिकाही याच गावात जळाली. म्हणजे सगळ्या भारताची होळी मुळात एरचची. बाकीचे लोक नक्कल करतात.

माझ्यातला वहीवाला जागा झाला. “पण मुलतानला प्रह्लादपुरीचं देऊळ होतं ना? आणि बिहारात पूर्णियाकडचे लोकही म्हणतात, होलिका त्यांच्याकडे जळाली.”

पुतण्या क्षणभरही अडखळला नाही. “मुलतान वारन खों राख मिली हुइए। आगी तौ इतईं लगी ती।”

इतिहासाचा एवढा चोख निकाल मी कुठल्याही परिषदेत ऐकलेला नाही.

मग जामा मशीद पाहिली. ती १४१२ सालची, म्हणजे सोलच्या राजवाड्याहून जेमतेम सतरा वर्षांनी धाकटी. राजवाडा १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, अडीचशेहून अधिक वर्षं तसाच पडून राहिला आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला. तरी तिथं पहारा बदलण्याचा सोहळा पाहायला मी टाचा उंचावून, कोणाच्या तरी सेल्फीकाडीखालून मान घालून उभा राहिलो होतो. एरचला गर्दी नव्हती, तिकीट नव्हतं, कारकुनाचा पोशाखही घालावा लागला नाही. जवळच्या सावलीत दोन शेळ्या बसल्या होत्या. एक उठून गेली, तिच्या जागी दुसरी येऊन बसली. पहारा इथंही बदलतो, फक्त त्याचं वेळापत्रक लावलेलं नाही.

तोवर ‘पुण्याचे पाहुणे कोरियाला जाऊन आले’ ही बातमी गावात पसरली होती. पोरं गोळा झाली. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी आपण होऊन माझ्याकडून कोरिया ऐकायला आलं होतं. मी घसा साफ केला.

“आप बीटीएस से मिले?” एका चुणचुणीत मुलीनं विचारलं.

“नाही… म्हणजे, नहीं।”

“देखा तो होगा?”

“नहीं। हमने राजमहल देखा। किमची खाई।”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. “फिर कोरिया जाके किया क्या?” या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. मी वातावरण सुधारायला अंगठा आणि तर्जनी जुळवून कोरियन पद्धतीचा बदाम करून दाखवला. मुलीनं माझी बोटं धरून दुरुस्त केली. मग सगळी पोरं कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेली. तिथं खैनीच्या माळा आणि अगरबत्तीच्या पुड्यांच्या मधोमध ‘कोरियन’ चवीच्या नूडल्सची पाकिटं लटकत होती. पोरांनी पाकीट फोडलं, नूडल्स कोरड्याच चुरल्या, वर कांदा घालून, लिंबू पिळून माझ्यापुढं धरल्या. दोन्ही हातांनी. मी दोन्ही हातांनी घेतल्या. सोलमध्ये खाल्लेल्या कुठल्याही पदार्थापेक्षा त्या चांगल्या लागल्या, हे मी लेकीला अजून सांगितलेलं नाही.

निघताना कक्कींनी टिळा लावला आणि हातात पाकीट ठेवलं. कोरियात लग्नाला गेलं की पांढऱ्या पाकिटातून रोख रक्कम देतात, दाराशी बसलेला माणूस ती नोंदवून घेतो आणि पुढं त्यांच्या घरच्या कार्यात तेवढीच परत करायची असते. हे मी अर्थातच टिपून आणलं होतं. कक्काजूंनी खुंटीवरच्या पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. व्यवहाराची वही. तीत आमच्या लग्नात दिलेल्या आहेराची नोंद होती, शाईचा रंग उडालेला, पण आकडा ठळक. परतफेडीचा रकाना कोरा होता. कक्काजू काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ते पान माझ्यासमोर जरा जास्त वेळ उघडं धरलं. एका वहीवाल्यानं दुसऱ्या वहीवाल्याला एवढं पुरतं.

एकूण हिशेब असा मांडता येतो. परक्या माणसानं वय विचारलं की तो शिष्टाचार आणि सासऱ्यांच्या स्नेह्यानं विचारलं की भोचकपणा. हॉटेलातल्या बाईनं वाटी पुन्हा भरली की आदरातिथ्य, कक्कीनं भरली की छळ. तिकडचं आंबवलेलं ते वारसा आणि इकडचं ते नुसतं तोंडीलावणं. दोन्हींत फरक आहे तो विमानाच्या भाड्याचा. माणूस जितकं जास्त भाडं मोजतो, तितक्या मनापासून वाकतो.

तेव्हा वाचकहो, कोरियाला अवश्य जा. माणसं प्रेमळ आहेत, राजवाडा खरोखरच सुंदर आहे आणि किमचीची सवय लागते. मात्र तिकीट काढण्याआधी सासुरवाडीच्या सगळ्यांत लांबच्या गावी एकदा जेवून या. सकाळपासून काही खाऊ नका. वाकायचं असेल तर चष्मा खिशात ठेवा आणि समोर कोण वाकतंय ते आधी बघा. पत्रावळ हातांनी झाकू नका, उपयोग होत नाही. आणि सन्नाट्याचा पहिला द्रोण शेजाऱ्याला पिऊ द्या. त्याचा चेहरा बघून मग ठरवा.